गॅस्ट्रिक बँड बसवल्यावर वजन एका जागी का अडकतं, आणि तेव्हा काय करायचं?

२०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आणि घराघरांत वजनाचा विषय नव्याने निघाला. त्या चर्चेत काही माणसांबद्दल कुणीच बोलत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी पोटात गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराभोवती आवळता येणारी कडी, बसवून घेतला, सुरुवातीला ज्यांचं वजन छान उतरलं आणि मग काटा जो थांबला तो थांबलाच, अशी ही माणसं. माझी आत्या त्यांतलीच.

आत्याने २०१२ साली पुण्यात बँड बसवला. तेव्हा ती ११२ किलोंची होती. सव्वा वर्षात ८९वर आली. पुढचे सात महिने काटा हलला नाही. घरात सगळ्यांचं एकच निदान होतं, जिभेवर ताबा नाही. ती जिथे जायची त्या दवाखान्यात दोनदा बँड आणखी आवळून दिला. वजन उतरलं नाहीच, उलट दीड किलो चढलं.

त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला मी तिच्या शेजारी जेवायला बसलो होतो. पानात आमरस, पोळी, बटाट्याची भाजी, कुरडई. तिने पोळीचा एक घास घेतला, दोन-तीनदा चावला आणि उठून मोरीकडे गेली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. पोळी बाजूला सरकवून तिने आमरसाची वाटी तोंडाला लावली. ती संपल्यावर दुसरी घेतली. तिला भूक लागली होती आणि तिच्या पोटात उतरू शकत होतं ते तेवढंच. बाकीच्यांना मात्र दिसली ती दुसरी वाटी.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जात आलो. वजन अडकलं की बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय, म्हणजे बँड आणखी आवळणं, हाच पुष्कळदा त्रासाचं मूळ असतो. ते का, हे कळायला आधी बँड काय करतो ते बघू.

बँड पोटात नेमकं काय करतो?

बँड म्हणजे सिलिकॉनची कडी. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या जरा खाली, जठराच्या वरच्या टोकाभोवती, ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बसवतात. कडीच्या आतल्या अंगाला एक फुगा असतो. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या छोट्या चकतीला जोडलेली असते. या चकतीला पोर्ट म्हणतात. डॉक्टर खास सुईने पोर्टमध्ये सलाईन भरतात तेव्हा कडी आवळते, काढून घेतात तेव्हा सैल होते. जठर कापत नाहीत, आतडं वळवत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याला २००१ साली परवानगी दिली. ऑस्ट्रेलियात तर काही वर्षं वजनासाठी सर्वांत जास्त होणारी शस्त्रक्रिया हीच होती. आता जगभर स्लीव्हची, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याची, पद्धत पुढे गेली आहे.

बँडबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो नरसाळ्याच्या अरुंद तोंडासारखा अन्न अडवून धरतो. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं बँडचा अभ्यास केला. त्यातून दिसलं ते वेगळंच. बँड नीट जुळवलेला असेल तर चांगला चावलेला घास, अन्न खाली ढकलणाऱ्या अन्ननलिकेच्या दोन ते सहा पिळांमध्ये, साधारण मिनिटभरात, कडीखालून निघून जातो. प्रत्येक पिळागणिक कडीजवळच्या भिंतीवर दाब पडतो आणि तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो, की आता पुरे.

एसटीच्या कंडक्टरची घंटी आठवा. गाडी थांबवतो ड्रायव्हर. कंडक्टर फक्त दोरी ओढतो. बँडचं काम त्या दोरीचं आहे. घट्टसर, चावून खायचा पदार्थ कडीखालून जाताना दोरी ओढली जाते. चहा, सरबत, आमरस, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारा पेढा हे सगळं सरसर खाली जातं आणि घंटी वाजत नाही.

किती दिवस थांबलं म्हणजे अडकलं म्हणायचं?

दोन आठवडे काटा हलला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. लोणचं-पापड जास्त झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, एवढ्यानेही किलो-दीड किलोचा फरक पडतो. शिवाय बँडची चाल मुळातच हळू. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग समजतात आणि हे उतरणं दोन-तीन वर्षं चालू राहू शकतं. त्याच सुमाराला स्लीव्ह किंवा बायपास (जठर लहान करून आतडं वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या शेजारणीशी तुलना केली की उगाच जीव खालीवर होतो. महिना-दीड महिना वजनही हललं नाही आणि कमरेचं मापही तेच राहिलं, तर मग शोध घ्यायचा. डॉक्टर याला प्लॅटो म्हणतात, म्हणजे पठार. मी वजन अडकणं असंच म्हणतो.

वजन उतरलं की शरीर खर्च आवरतं

रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा कमी डिझेल पितो. शरीराचंही तसंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेला हिशोब असा, की वजन एक किलोने उतरलं की शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आत्याचे २३ किलो उतरले होते. किलोमागे २५ धरल्या तरी तिच्या शरीराचा खर्च रोज पावणेसहाशे कॅलरींनी कमी झाला होता. ज्या जेवणावर ११२ किलोंची आत्या बारीक होत होती, त्याच जेवणावर ८९ किलोंची आत्या जिथल्या तिथे राहिली. एक घासही जास्त न खाता.

याच्या जोडीला शरीर आणखी काटकसर करतं. घरातला पगार कमी झाला की आपण आधी गिझर बंद करतो, मग पंख्यावर भागवतो. तसं ते ऊब, हालचाल, दुरुस्ती या सगळ्यांतून थोडं थोडं वाचवतं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांच्या वजन-वयाच्या माणसाचा विसाव्यातला जेवढा खर्च असायला हवा, त्यापेक्षा त्यांचा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक चरबीतूनच येतं, त्यामुळे चरबी घटली की तेही घटतं.

"ते सगळं खरं, पण शेवटी तोंडावर ताबा हवाच ना?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. ताबा हवा. पण सतत वाढत जाणारी भूक आणि सतत आटणारा खर्च यांच्याशी रोज तीन वेळा झगडणाऱ्या माणसाला ताबा नाही असं म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. आत्याने सात महिन्यांत एकही लग्नाचं जेवण पोटभर जेवलं नव्हतं.

"मग बँड अजून आवळून घेऊ या"

इथेच सर्वांत जास्त चूक होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

बँडचे डॉक्टर तीन रंगांची भाषा वापरतात. पिवळा म्हणजे सैल: दोन जेवणांच्या मध्ये कडकडून भूक लागते, ताटात पूर्वीइतकंच जातं, वजन उतरत नाही. हिरवा म्हणजे जमलेला: थोड्या जेवणाने समाधान होतं आणि ते तीन-चार तास टिकतं. लाल म्हणजे फार आवळलेला: घास अडकतो, छातीत दुखतं, तोंडात फेस येतो, खाल्लेलं वर येतं, रात्री आडवं झालं की खोकला आणि जळजळ.

गोम अशी, की पिवळ्यात वजन अडकतं तसं लालमध्येही अडकतं. बँड फार आवळला की पोळी, भाकरी, चिकन, कोशिंबीर, सगळं छळायला लागतं. माणूस दोन-चारदा मोरीत जाऊन येतो आणि नकळत जे त्रास देत नाही ते खायला लागतो. मऊ भात, साबुदाण्याची खीर, चहात बुडवलेली बिस्किटं, श्रीखंड, मिल्कशेक. यांतलं काहीच घंटी वाजवत नाही. भूक भागत नाही, कॅलरी मात्र भरपूर जातात. तो दवाखान्यात येऊन सांगतो, "डॉक्टर, वजन उतरत नाही." ही तक्रार पिवळ्यातल्या माणसाची असते तशीच ऐकू येते. नीट विचारपूस न करता बँड आणखी आवळला, की माणूस मऊ अन्नाच्या आणखी आहारी जातो.

आत्याचं नेमकं हेच झालं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न वजनाचा विचारलाच नाही. "शेवटची अख्खी पोळी कधी खाल्लीत?" असं विचारलं. तिला आठवेना. त्यांनी बेरियम पाजून क्ष-किरणाच्या पडद्यावर बघितलं. पांढरं पाणी कडीच्या वर साचून थेंब थेंब उतरत होतं आणि अन्ननलिका फुगली होती. त्यांनी पोर्टमधून एक मिलिलिटर सलाईन काढून घेतलं. एक मिलिलिटर म्हणजे पाव चमचासुद्धा नाही, पण बँडमध्ये मिलिलिटरच्या दहाव्या हिश्शानेही फरक जाणवतो.

दोन आठवड्यांनी ती अर्धी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन पानावरून उठली आणि संध्याकाळी पाचपर्यंत तिने काही मागितलं नाही. बँड सैल केल्यावर तिचं वजन पुन्हा उतरायला लागलं.

लाल अवस्थेत दिवस काढण्यात वजनापलीकडचाही धोका आहे. अन्ननलिका कायमची सैलावू शकते. आठवडेच्या आठवडे उलट्या होत राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्व संपतं आणि चालताना तोल जाणं, विसरायला होणं, दोन-दोन दिसणं असे मेंदूचे त्रास सुरू होतात. अशा वेळी थांबायचं नसतं.

आधी कडी आणि नळी शाबूत आहे का ते बघा

बँड ही वस्तू आहे आणि वस्तू बिघडते. नळी किंवा पोर्ट गळायला लागलं तर सलाईन कमी होतं आणि महिनाभरापूर्वी मंदावलेली भूक अचानक पूर्वीसारखी लागते. भरलेलं सलाईन सुईने परत ओढून मोजलं की ही गळती सापडते. कधी कडी जागेवरून सरकते आणि वरचा भाग फुगतो. कधी ती हळूहळू जठराच्या भिंतीत रुतत आत शिरते. तेव्हा आवळल्याची जाणीवच नाहीशी होते, किंवा पोर्टपाशी कातडी लाल होऊन पाणी येतं. ओब्रायन यांनी पंधरा वर्षांची माहिती मांडली तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांची संख्या मोठी होती. म्हणून बँड बसवून दहा वर्षं झाली असतील तर तपासणी वर्षातून एकदा हवीच, वजन कसंही असो.

पाण्याचा घोटही उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, पोटात जोरात दुखतंय, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

ताटात काय शोधायचं?

बँड हिरव्यात आहे, शाबूत आहे, तरी काटा थांबलाय. आता सात दिवस वहीत सगळं लिहायचं, पाण्याव्यतिरिक्त तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट. आत्याची वही माझ्याकडे अजून आहे. तिच्यात जेवणं अगदी बेताची होती. खरा घोळ जेवणांच्या मध्ये होता.

दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्याच्या २० कॅलरी, म्हणजे नुसत्या साखरेच्या २००. महिन्याच्या ६,०००. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, म्हणजे पाऊण किलोहून जास्त वजन चहातच विरघळत होतं. मालिका बघताना मूठभर भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅम, म्हणजे १७० कॅलरी. फोडणीत नेहमीपेक्षा पडलेलं एक चमचा तेल ४५. यात चोरून खाल्लेलं काहीच नव्हतं. घरातल्या प्रत्येकाच्या दिवसात हेच असतं. ८९ किलोंच्या आणि खर्च आटलेल्या शरीराला मात्र त्याची गुंजाइश उरलेली नव्हती.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. या शस्त्रक्रियांनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या शाकाहारी ताटात ती जमवणं अवघड. वाटीभर डाळीतून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, पातळ वरणातून त्याहून कमी. एका अंड्यातून सहा, १०० ग्रॅम पनीरमधून १८च्या आसपास, तेवढ्याच बांगड्यातून जवळपास २०. प्रथिनं कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि खर्च आणखी घटतो. आत्याने क्रम बदलला. आधी उसळ, अंडं किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. घट्ट उसळ घंटीही वाजवते. वरणभात ही आजारपणातली सवय, ती रोजच्या जेवणातून तिने काढली.

घास सुपारीएवढा. तो पूर्ण चावून गिळल्यावर मिनिटभर थांबून पुढचा. वीस मिनिटांत जेवण आटोपायचं, ताटात काही उरलं तरी. अन्न टाकू नये हे संस्कार आपल्या अंगात इतके मुरलेत की हे सर्वांत अवघड जातं. त्यावर उपाय एकच, ताट वाढतानाच लहान घ्यायचं.

चालणं वाढवलं तर?

वाढवावं, पण नुसत्या चालण्याने अडकलेलं वजन सुटेल अशी आशा धरू नये. व्यायामाचा खरा उपयोग स्नायू राखण्यात आणि उतरलेलं वजन टिकवण्यात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम, अगदी पाण्याने भरलेल्या बाटल्यांनी का होईना, चालण्याच्या जोडीला हवा. मंदावलेलं थायरॉईड, तसंच स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं हीही वजन अडवतात. औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, मनाने गोळी बंद करू नये.

इंजेक्शन घ्यावं की बँड काढून स्लीव्ह करावी?

बँड असलेल्यांनाही नवी इंजेक्शनं देता येतात आणि भूक मंदावण्याचं काम ती चांगलं करतात. पण ती पोट हळू रिकामं करतात आणि सुरुवातीला मळमळ, उलट्या होतात. बँडवाल्या माणसाला उलट्या परवडत नाहीत, कारण वारंवार उलट्यांनी कडी सरकू शकते. त्यामुळे हा निर्णय ज्याला बँड कळतो अशा डॉक्टरानेच घ्यावा, ओळखीच्या औषध दुकानातून घेऊन टोचू नये. शिवाय औषध थांबवलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाच्या, एका अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता.

कडी सरकली, रुतली किंवा गिळणं कायमचं अवघड झालं तर बँड काढायलाच हवा. नुसता काढला तर वजन बहुधा वाढतं, म्हणून त्याच वेळी किंवा काही महिन्यांनी स्लीव्ह अथवा बायपास करतात. कडीभोवती जखमेच्या चिवट ऊती तयार झालेल्या असतात, त्यामुळे ही दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा जोखमीची. बँड चांगला चाललाय आणि काटा तेवढा थांबलाय, एवढ्या कारणासाठी तिची घाई करू नये असं माझं मत आहे.

आणि वजन खरंच इथेच राहणार असेल तर?

स्वीडनमध्ये १९८७पासून चार हजारांहून जास्त लठ्ठ माणसांवर एक दीर्घ अभ्यास चालला. त्यात बँडवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी २० टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट १४ टक्के उरली. बायपासवाल्यांची ३२वरून २५वर आली. म्हणजे प्रत्येकाचंच वजन कुठेतरी थांबलं आणि थोडं परतही आलं. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या एकूण गटात मृत्यूचं प्रमाण, वय आणि इतर जोखमी जमेस धरल्यावर, शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी होतं.

११२ किलोंचे १४ टक्के म्हणजे पावणेसोळा किलो. या मापाने बघितलं तर सगळं घर ज्याला अपयश म्हणत होतं ते आत्याचं ८९ किलो वजन सरासरीहून चांगलंच होतं.

पुढे ती ८३पर्यंत उतरली आणि बरीच वर्षं ८२ ते ८५च्या मध्ये आहे. साखरेच्या दोन गोळ्यांची एक झाली, गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी पुढे ढकलली. वर्षातून एकदा ती बँड तपासून घेते. जाताना वही नेते, आणि पहिल्या पानावर वजनाच्या आधी लिहिलेलं असतं: या महिन्यात घास किती वेळा अडकला, कशाने अडकला, आणि जेवणानंतर भूक किती तासांनी लागली.